पिवळ्या दिव्यावरची चिकटपट्टी

ऑफिसला नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा भाईंनी तोच प्रश्न विचारला, जो साडेपाच वर्षांपूर्वी विचारला होता. "ताई, एक डिस्क मेली तर चालेल असं पाहिजे, का दोन मेल्या तरी चालेल असं?"

"या वेळी तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. "माझी अक्कल मागच्या वेळी दिसली सगळ्यांना."

भाई एरवी अशा बोलण्यावर खो खो हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. त्यांचं पिंपरीत कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि आमच्या ऑफिसातलं एकूण एक यंत्र त्यांच्याच हातून आलेलं आहे. ऑफिस म्हणजे तळवड्यात एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. आम्ही फिक्स्चरची डिझाइनं करतो. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी जी चौकट असते, ती फिक्स्चर. चाकणच्या कंपन्यांना ती रोज नवी लागते. मी आणि दोन डिझायनर मुली, एवढाच आमचा पसारा. खालच्या गाळ्यात पत्रा दाबणारी प्रेस चालते, तिच्या दणक्याने आमच्या कपातला चहा दिवसभर थरथरत असतो.

साडेपाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न ऐकायला माझे वडील समोर बसलेले होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. माणदेशातून पिंपरीला आले, एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेल्यावर संत तुकाराम नगरच्या घरात एकटे राहायचे. मी पिंपळे गुरवला. माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "जावयाच्या दारात किती दिस बसू?" पण ऑफिसात मात्र आठवड्यातून तीनदा यायचे, आपला डबा घेऊन, बस बदलून. मुलींच्या मागे उभे राहून स्क्रीनवरचं डिझाइन बघायचे आणि म्हणायचे, "हा बोल्ट आवळायचा कुठनं? पाना फिरायला जागा कुठं हाय?" जागा खरंच नसायची. कॉम्प्युटरवर बोल्ट पान्याशिवाय बसतो, हे त्या मुलींना कॉलेजात कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी हे कबूल करत नसे. कबूल न करणं हा माझा जुना गुण आहे.

तर त्या दिवशी भाईंनी समजावलं होतं की चार डिस्क एकाच पेटीत बसवायच्या आणि आपलं काम चौघींवर असं पसरून ठेवायचं की एखादी बंद पडली तरी बाकीच्या तिची उणीव भरून काढतील. "पण ताई, दोन मेल्या तरी चालेल असं करू. जागा कमी मिळेल, पण डोक्याला ताप नाही."

"एकच," मी म्हटलं. "मला जागा पाहिजे. आणि दोन एकदम कशाला मरतील?"

"एकदम नाही मरत. एक मरते, माणूस बघत नाही, मग दुसरी मरते."

मी हात उडवला. अप्पा पुढे वाकून म्हणाले, "चारी एकाच पेटीत?"

"हो अप्पा."

"आन पेटीच गेली तर?"

मी कपाळाला हात लावला. भाई मात्र खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकले. अप्पा त्यांना सांगू लागले, "आमच्या टूलरूममदी मास्टर गेज लाइनवर कधी न्हाई यायचं. लाइनवर फिरायचं ते रोजच्या वापरातलं. त्याला मार बसतो, ते झिजतं. मास्टर दुसऱ्या खोलीत, कुलपात. सहा महिन्यानं हे त्याच्याशी ताडून बघायचं." गेज म्हणजे माप बरोबर आहे की नाही हे तपासायचं हत्यार, अप्पांच्या बोलण्यात ते देवाच्या टाकासारखं यायचं.

"काका बरोबर बोलतायत," भाई म्हणाले. "रेड, म्हणजे ही चार डिस्कची जोडणी, हा बॅकअप नव्हे. एक कॉपी बाहेर ठेवा."

मी ठेवली. एक छोटी डिस्क विकत घेतली, दर शनिवारी तिच्यावर सगळं उतरवून पिशवीतून घरी न्यायचे. दोन वर्षं नेली. मग एका दिवाळीच्या सुट्टीत राहिलं, पुढच्या शनिवारी कंटाळा केला, आणि कंटाळ्याची सवय लागली.

त्यानंतरच्या जानेवारीत चाकणच्या एका कंपनीची माणसं डिझाइन बघायला आली होती. मीटिंग रंगात आलेली आणि कोपऱ्यातली सर्व्हरची पेटी किंचाळायला लागली. एकसारखी टीं टीं. पाहुण्यांनी माना वळवल्या. मी हसत हसत उठले, कॉम्प्युटरवरून तिचा आवाज बंद केला आणि "सॉरी हं, जरा गरम होतं ते" असं म्हणून परत येऊन बसले. ते गेल्यावर बघितलं तर तिसऱ्या कप्प्याचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला होता. त्याचा अर्थ मला कळत होता. भाईंना फोन करायचा होता. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. दोन-तीन दिवसांनी एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा दिवा पिवळा का?" तेव्हा मी म्हटलं, बघते, आणि ती जेवायला गेल्यावर त्या दिव्यावर पार्सलच्या खाकी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. दिवा दिसेना, मग प्रश्नही येईना. काम तर चालूच होतं. नऊ महिने चालू होतं.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात कुठलंही यंत्र फिरत नाही. आदल्या दिवसापासून धुणंपुसणं सुरू होतं, गेटांना झेंडूची तोरणं लागतात, लेथला हार घातले जातात, क्रेनच्या हुकालाही कुंकू लागतं. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती. ती पुन्हा हातात घ्यायची दसऱ्याला. आमच्या ऑफिसातली पूजा दरवर्षी अप्पा करायचे. संत तुकाराम नगरहून ते आपली जुनी हत्यारांची पेटी घेऊन यायचे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गुण्या, सगळं पेटीतून काढून एकेक तेलाच्या फडक्याने पुसायचं, पाटावर लाल कापड घालून मांडायचं, हळदकुंकू लावायचं. पेटीवरच हळदकुंकू टाकून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. पूजा हत्याराची असते, डब्याची नसते, असं म्हणायचे.

त्या वर्षी मी स्वतः सगळे कॉम्प्युटर आणि सर्व्हर बंद केले आणि खाली झेंडू आणि पेढे आणायला गेले. परत आले तर पाटावर व्हर्नियरच्या शेजारी सर्व्हरच्या चारही डिस्क ओळीने मांडलेल्या. त्या कप्प्यांना पुढून मूठ असते, ओढली की डिस्क अलगद हातात येते; मीच कधीतरी कौतुकाने दाखवलं होतं त्यांना. खरा जीव या चौघींत, बाकी नुसता डबा, असंही मीच म्हटलं होतं. प्रत्येक डिस्कवर पांढरे ठिपके लावलेले होते.

"अप्पा!" मी ओरडले. "डिस्कला गंध लावलंत?"

"गंध न्हाई गं त्ये, आमी..."

"आधी आत घाला त्या! जशा होत्या तशा!"

त्यांनी फडक्याला हात पुसले आणि एकेक डिस्क उचलून सावकाश परत बसवली. चौथी बसवल्यावर मूठ दाबून पाहिली. नारळ फोडला, पेढे वाटले.

दसऱ्याला सकाळी सर्व्हर चालू केला. पंखा घुमला, दिवे लागले, आणि पेटी पुन्हा किंचाळायला लागली. दोन दिवे पिवळे. पहिल्या कप्प्याचा आणि तिसऱ्या कप्प्याचा. तिसऱ्यावरची चिकटपट्टी नव्हती. अप्पांनी पुसताना ती सोलून काढली होती, खालचा चिकटा थिनरने साफ केला होता, आणि जानेवारीपासून झाकलेला तो दिवा सगळ्यांसमोर लखलखत होता. एक डिस्क मेली तर चालणार होतं. दोन मेल्या होत्या. आतलं काहीही उघडेना.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. हे मी अगदी स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की तेव्हा मी गोंधळले होते. मी गोंधळले नव्हते. मी दोन्ही मुलींकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं आणि म्हटलं, "कुणी सांगितलं होतं बाहेर काढायला? उलटसुलट लावल्यात तुम्ही. अकरा महिन्यांचं काम गेलं माझं."

अप्पा पेटीसमोर गुडघ्यावर बसले. तिसऱ्या दिव्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "व्हय. माझ्याच हातनं झालं आसंल."

ते उठले आणि डबा घेऊन निघाले. मी थांबवलं नाही. मुलींना द्यायला त्यांनी खिशातून आपट्याची पानं आणली होती, ती टेबलाच्या कडेला ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती.

भाईंनी डिस्क नेऊन दहा-बारा दिवस खटपट केली. थोडंफार हाती लागलं, बाकीचं गेलं. मग ते स्वतः ऑफिसात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, काकांचं काहीच चुकलं नाही. चारी डिस्क आपापल्या जागी होत्या. तिसरी जानेवारीतच मेली, मशीनने तारीखवार लिहून ठेवलंय. आणि पहिली डिस्क जवळजवळ तीन वर्षं रात्रंदिवस फिरली, बंद केल्यावर थंड पडली, ती पुन्हा उठलीच नाही. काकांनी हात लावला नसता तरी हेच झालं असतं. तेवढं सांगा त्यांना. म्हातारं माणूस मनाला लावून घेतं."

"सांगते," मी म्हटलं.

धंदा बुडाला नाही. पेटीत नव्या डिस्क बसल्या, आम्ही तिघींनी रविवार घालवून गेलेली डिझाइनं पुन्हा काढली, दोन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. हे सगळं पचलं. सांगायचं तेवढं राहिलं. आधी वाटलं, राग निवळू दे. कुणाचा राग? त्यांना राग आलेलाच नव्हता. मग वाटलं, फोनवर नको, समोर बसून बोलू. समोर बसले की वाटायचं, आता चांगले जेवतायत, कशाला विषय काढा. अप्पांना सांगायचं म्हणजे चिकटपट्टीचं सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे दसऱ्याच्या सकाळी मी शुद्धीत खोटं बोलले हे सांगायचं. चूक झाली असती तर मी कबूल केली असती, असं मला वाटतं. खोटं कबूल करायला जीभ रेटेना.

अप्पा ऑफिसात यायचे बंद झाले. बस झेपत न्हाई म्हणाले. त्यांच्या चाळीत कुणाचा मिक्सर बिघडला, पंखा अडला तरी लोक त्यांच्याकडे आणायचे. ते आता परत पाठवतात असं शेजारच्या वहिनींनी मला सांगितलं. "म्हणतात, माझ्या हातनं बिघडंल. असं कधी बोलायचे नाहीत हो ते." मी वहिनींना म्हटलं, वय झालं आता. इतक्या सहज म्हटलं की आज ते आठवलं तरी माझी मलाच शिसारी येते.

पुढच्या खंडेनवमीला मी झेंडू घेऊन त्यांच्याकडे गेले. हत्यारांची पेटी फळीवर तशीच, वर वर्तमानपत्राची घडी. "काढू ना खाली?" मी विचारलं.

"तूच कर पूजा," अप्पा म्हणाले. "माझा हात नको लागाया."

असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. नुसते बघत राहिले. तेवढी मोकळी जागा मला आयुष्यात कुणी दिली नसेल. "काहीतरीच काय बोलता अप्पा," असं म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

जानेवारीत त्यांच्या छातीत कफ भरला. आठ दिवस दवाखान्यात होते. मी रोज दुपारी वाक्य जुळवून न्यायचे. एकदा सुरुवातही केली, "अप्पा, त्या दसऱ्याचं..." तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि मी तिच्यासाठी इतकी पटकन बाजूला झाले की तिलाच नवल वाटलं. ती गेल्यावर अप्पांनीच विचारलं, "पेटीतली प्रत भायेर ठेवतीस का आता?"

"ठेवते."

"घरी नेतीस?"

"दर शनिवारी."

"मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. दोन दिवसांनी गेले.

आणि आता, दीड वर्षाने, भाई नवा सर्व्हर बसवायला आले होते. जुनी पेटी काढायला टेबलाखाली वाकले तेव्हा तिथला पुठ्ठ्याचा खोका त्यांच्या हाताला लागला. त्यात त्या चार जुन्या डिस्क होत्या. त्यांनीच आणून दिल्या होत्या आणि मी न उघडता पायाने आत सरकवल्या होत्या.

"ह्या टाकायच्या का, ताई?" त्यांनी एक वर काढली, उजेडात धरली. मग दुसरी. मग चारही टेबलावर ओळीने ठेवल्या. गंध पुसलेलं नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. एका डिस्कवर एक ठिपका. दुसरीवर दोन. मग तीन. मग चार. अप्पांच्या हत्यारांच्या पेटीत जॉबवर खुणा करायचा पांढऱ्या रंगाचा पेन असायचा, त्याचे ठिपके.

भाईंनी जुनी पेटी खिडकीकडे फिरवली. चार कप्प्यांच्या खालच्या कडेला, बोटाने झाकले जातील इतके बारीक, तसेच ठिपके. एक, दोन, तीन, चार. ती पेटी त्या दसऱ्यापासून पावणेतीन वर्षं माझ्या पायाशी होती.

फिटर कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिच्यावर खुणा करतो, म्हणजे जोडताना ज्याचं त्याच्याजवळ जातं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा असे ठिपके होते. गंध न्हाई गं त्ये, आमी खुणा केल्यात, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी खुर्चीत बसले. भाई पेटी खाली ठेवून म्हणाले, "ताई, एक गोष्ट मी बोललो नाही. काकांनी नको म्हटलं होतं."

"काय?"

"त्या दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत ते दुकानात आले होते. दिव्यावर पट्टी होती, म्हणाले, मी सोलली. पट्टीवर धूळ बसलेली होती, म्हणजे दिवा जुना असणार. कधीपासूनचा ते बघून मला सांगा. रिपोर्ट आला तेव्हा मी त्यांनाच आधी फोन केला."

"काय म्हणाले?"

भाई डिस्कांकडे बघत होते. "म्हणाले, बरं झालं. पण मला कळलंय ह्ये तिला बोलू नका. पोरगी सांगंल मला. तिचं तिला सांगू द्या."

त्या ऑक्टोबरपासून त्याच्यापुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या जानेवारीपर्यंत. सव्वा वर्ष. माझं खोटं खरं धरून मिक्सर परत पाठवत, पेटी फळीवर ठेवून, माझ्याकडे नुसतं बघत अप्पा थांबले होते. त्यांना स्वतःसाठी काही ऐकायचंच नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते माझ्यासाठी थांबले होते. आणि मी समोर चहाचा कप ठेवून, दवाखान्यात सफरचंद कापून, उठून येत होते.

"मग नव्या सर्व्हरचं काय करू, ताई?" भाईंनी विचारलं.

"दोन मेल्या तरी चालेल असं," मी म्हटलं. "आणि एक प्रत बाहेर."

त्यांनी नव्या पेटीचं खोकं फोडलं. मी कपाटातून अप्पांची हत्यारांची पेटी काढली, ती आता माझ्याकडेच आहे. पांढरा पेन वाळला होता. टोक थिनरमध्ये बुडवून घासल्यावर चालायला लागला. एकेका डिस्कवर ठिपके केले, एकेका कप्प्याच्या कडेला केले. तिसरीचे तीन ठिपके करताना हात थांबला आणि मी मोठ्याने म्हटलं, "अप्पा, तो दिवा मी झाकला होता."

खाली प्रेस चालू होती. भाईंनी ऐकलं असणार, पण ते खाली वाकून स्क्रू शोधत राहिले.